वायु-उत्सर्जन नियंत्रण

कारखाने, विद्युत् निर्मिती केंद्रे, वाहने व घरगुती चुली यांतून वातावरणात सोडल्या जाणाऱ्या धूर, राख, विषारी वायू इ. अपायकारक द्रव्यांचे प्रमाण कायदा, कर, परवाने वा आर्थिक साहाय्य यांच्या द्वारे मर्यादित ठेवण्याच्या प्रयत्नांना वायु-उत्सर्जन नियंत्रण असे म्हणतात. हवेचे प्रदूषण व त्याचे नियंत्रण या दोन्ही गोष्टी जुन्या आहेत. मात्र नियंत्रणाचे कोणते धोरण परिणामकारक ठरते व कोणते कागदावरच राहते, याचे ज्ञान मुख्यतः १८६३ नंतरच्या अनुभवातून मिळाले आहे. हा अनुभव प्रामुख्याने ब्रिटन, अमेरिकेची संयुक्त संस्थाने व अलीकडच्या काळात भारत येथील आहे. प्रत्येक धोरणापुढे चार प्रश्न उभे राहिलेले दिसतात : मोजावयाचे काय, मोजावयाचे कोणी, खर्च सोसावयाचा कोणी आणि धुराड्यातून बाहेर न पडलेले वा दूर घालविलेले प्रदूषक शेवटी जाते कोठे. या प्रश्नांची उत्तरे ज्या मानाने नीट दिली गेली, त्या मानानेच धोरणांना यश आले.

प्रारंभीचे प्रयत्न : लंडनमध्ये लाकूडफाट्याची टंचाई भासू लागल्यावर तेराव्या शतकात चुनाभट्ट्यांत दगडी कोळसा वापरण्यास सुरुवात झाली. त्याच्या धुराविषयी तक्रारी वाढल्याने पहिला एडवर्ड या राजाने १३०६ च्या सुमारास कोळसा जाळण्यास बंदी घातली. लाकडाला दुसरा स्वस्त पर्याय उपलब्ध नसल्यामुळे ही बंदी टिकली नाही. जॉन ईव्हलिन (१६२०–१७०६) याने १६६१ मध्ये राजास सादर केलेल्या फ्यूमिफ्यूजियम या पुस्तिकेत मद्यनिर्माते, रंगारी, चुनाभट्टीवाले, साबण तयार करणारे इत्यादींचे व्यवसाय शहराबाहेर हलवावेत व शहराभोवती सुगंधी वनस्पतींची लागवड करावी, असे सुचविले. स्वयंपाकाच्या चुलींना त्याने दोषी धरले नाही. दोष मोजक्या मोठ्या भट्ट्यांचा आणि घरातील चूल मात्र निर्दोष, ही समजूत पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ब्रिटिश कायद्याच्या मुळाशी राहिली.

अल्कली अधिनियम : उत्सर्जन नियंत्रणाचा पहिला यशस्वी प्रयोग कोळशाच्या धुराबाबत न होता हायड्रोक्लोरिक अम्लवायूच्या बाबतीत झाला. फ्रेंच वैद्य व रसायनशास्त्रज्ञ नीकॉला लब्लां (१७४२–१८०६) याच्या पद्धतीने मिठापासून धुण्याचा सोडा तयार करताना मिठावर सल्फ्यूरिक अम्लाची विक्रिया करीत आणि तीतून हा वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडे. सेंट हेलेन्स, विडनेस, लिव्हरपूल, ग्लासगो इ. ठिकाणच्या कारखान्यांच्या आसपासची झाडे त्यामुळे वठून गेली, पिके करपली आणि लोखंडी अवजारे गंजली. कारखानदारांनी प्रथम धुराडी उंच करून पाहिली. ग्लासगो येथील सेंट रोलॉक्स कारखान्याचे १८४२ मध्ये बांधलेले धुराडे ४०० फुटांहून अधिक उंच होते. त्यामुळे वायू नाहीसा न होता अधिक दूरवरच्या शेतांवर पसरू लागला आणि तक्रार करणाऱ्यांची संख्या वाढली.

वास्तविक १८३६ मध्येच विल्यम गॉसेज (१७९९–१८७७) याने यावर उपाय शोधला होता. काटक्यांनी, कोकने वा तशाच पदार्थांनी भरलेल्या मनोऱ्यात खालून वायू व वरून पाणी सोडले असता वायू पाण्यात विरघळून जातो. हे साधन माहीत असूनही पंचवीस वर्षे त्याचा वापर सार्वत्रिक झाला नाही. कारण एकट्याने खर्च करणारा कारखानदार स्पर्धेत मागे पडण्याची भीती होती. जमीनदारांच्या तक्रारींवरून लॉर्ड डर्बी यांच्या पुढाकाराने १८६२ मध्ये उमरावांच्या सभागृहाने चौकशी समिती नेमली व १८६३ मध्ये अल्कली अधिनियम संमत झाला. निर्माण होणाऱ्या अम्लवायूपैकी किमान ९५ टक्के वायू कारखान्यातच द्रवरूप केला पाहिजे, असे बंधन त्यात होते. तो कोणत्या यंत्राने करावयाचा, हे मात्र कारखानदाराच्या इच्छेवर सोपविले होते.

या अधिनियमाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या अंमलबजावणीत आढळते. तपासणीचे काम स्थानिक नगरपालिकेकडे न देता केंद्र सरकारने नेमलेल्या व रसायनशास्त्र जाणणाऱ्या निरीक्षकांकडे सोपविण्यात आले. पहिले निरीक्षक रॉबर्ट अँगस स्मिथ (१८१७–८४) यांनी प्रत्येक कारखान्यात जाऊन वायूचे नमुने तपासले व खटले भरण्यापेक्षा सल्ला देण्यावर भर दिला. पहिल्या वार्षिक अहवालाच्या वेळीच निसटणाऱ्या वायूचे प्रमाण सरासरी दोन टक्क्यांपेक्षाही खाली आलेले होते. पकडलेले अम्ल आरंभी नाल्यात व नदीत सोडले जाई. म्हणजे हवेचा भार पाण्यावर पडला. पुढे त्यापासून विरंजक चूर्ण तयार करणे फायदेशीर ठरले आणि एके काळी टाकाऊ मानलेला वायू उत्पन्नाचे साधन बनला.

टक्केवारीच्या मानकातील दोषही लवकरच उघडकीस आला. प्रत्येक कारखाना नियम पाळत असूनही कारखाने व त्यांचे उत्पादन वाढत गेल्याने मोकळ्या सुटलेल्या पाच टक्क्यांची एकूण राशी वाढत राहिली. म्हणून १८७४ च्या दुरुस्तीने बाहेर पडणाऱ्या वायूच्या दर घनफुटास ०·२ ग्रेन हायड्रोक्लोरिक अम्ल अशी मर्यादा घातली गेली आणि अन्य अपायकारक वायूंसाठी ‘व्यवहार्य असे सर्वोत्तम उपाय’ योजण्याचे बंधन आले. हे तत्त्व ब्रिटिश नियंत्रणपद्धतीचा पाया ठरले. तंत्र सुधारेल तशी अपेक्षाही वाढवीत नेता येते, हा त्याचा गुण. ‘व्यवहार्य’ म्हणजे काय हे निरीक्षक व कारखानदार यांनी आपसांत ठरवावयाचे आणि बाधित रहिवाशास त्यात स्थान नाही, हा त्याचा दोष. १८८१ मध्ये अधिनियमाची व्याप्ती इतर रासायनिक उद्योगांपर्यंत वाढविण्यात आली आणि १९०६ मध्ये सर्व तरतुदी एकत्रित करण्यात आल्या. ‘अम्लवर्षा’ ही संज्ञाही स्मिथ यांच्या १८७२ मधील ग्रंथातून रूढ झाली.

कोळशाचा धूर व लंडनचे धूरके : याच काळात कोळशाच्या धुराविरुद्धचे कायदे मात्र निष्प्रभ राहिले. १८५३ चा लंडनपुरता अधिनियम, १८६६ चा आरोग्यविषयक अधिनियम व १८७५ चा सार्वजनिक आरोग्य अधिनियम या सर्वांत धूरप्रतिबंधक कलमे होती. परंतु ती राबविण्याचे काम स्थानिक संस्थांकडे होते व अनेक औद्योगिक शहरांत या संस्थांवर आणि न्यायासनांवर गिरणीमालकांचाच प्रभाव असे. दंड क्षुल्लक असल्यामुळे भट्टी सुधारण्यापेक्षा दंड भरणे स्वस्त पडे. शिवाय गुन्हा ‘काळ्या’ धुराचा असल्याने धूर काळा नसून तपकिरी होता, असा बचाव करता येई. हा रंगाचा अडसर १९२६ च्या अधिनियमाने दूर केला. धुराची गडदता मोजण्यासाठी फ्रेंच प्राध्यापक माक्सिमिलियँ रिंगेलमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार केलेला तक्ता उपयोगी पडला. पांढऱ्या कागदावर कमीअधिक दाट काळ्या रेषांच्या जाळ्या आखून केलेला हा तक्ता दूर धरून त्याची धुराशी तुलना करावयाची असते. साधन ओबडधोबड असले, तरी त्यामुळे निरीक्षकाच्या साक्षीस आधार मिळाला.

या सर्व कायद्यांतून घरातील कोळशाच्या शेगडीला सूट होती. उघड्या शेगडीतील विस्तव हे इंग्रज कुटुंबाच्या सुखाचे प्रतीक होते व त्यास हात घालण्याचे धाडस कोणत्याही पक्षास नव्हते. धूर व धुके यांच्या मिश्रणास ‘स्मॉग’ (धूरके) हे नाव डॉ. हॅरल्ड देव्हो यांनी १९०५ मध्ये प्रचारात आणले. तथापि उपाय योजण्यास आणखी अर्धशतक जावे लागले. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या काळात लंडनवर थंड व स्थिर हवेचा थर साचून राहिला आणि लाखो शेगड्या, वीज केंद्रे व कारखाने यांचा धूर त्याखाली कोंडला गेला. त्या आपत्तीत सु. ४,००० जादा मृत्यू झाल्याचा तत्कालीन अंदाज होता. पुढील आठवड्यांतही मृत्युमान वाढलेले राहिले, ते सरकारने इन्फ्ल्यूएंझाच्या खाती घातले. त्या काळातील मृत्यूंचाही समावेश करून २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हा आकडा सु. १२,००० मानला आहे.

सर ह्यू बीव्हर यांच्या अध्यक्षतेखाली १९५३ मध्ये नेमलेल्या समितीने १९५४ मध्ये अंतिम अहवाल दिला. सरकार चालढकल करीत असल्याचे पाहून जेरल्ड नबारो या संसद सदस्याने खाजगी विधेयक मांडले आणि अखेर १९५६ मध्ये शुद्ध हवा अधिनियम संमत झाला. त्यात गडद धूर सोडण्यास मनाई, नव्या भट्ट्यांवर निर्बंध आणि धूरनियंत्रित विभाग जाहीर करण्याचा स्थानिक संस्थांना अधिकार अशा तरतुदी होत्या. सर्वांत महत्त्वाची तरतूद घरांविषयी होती. नियंत्रित विभागातील रहिवाशास शेगडी बदलण्याच्या मान्य खर्चाचा सात-दशांश भाग अनुदान म्हणून मिळे व त्याचा बहुतांश बोजा मध्यवर्ती कोषागार उचली. चुलीला हात घालता येतो, पण त्यासाठी समाजाने किंमत मोजावी लागते, हे तत्त्व येथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर मान्य झाले. ज्या खाणभागांत कामगारांना वेतनाचा भाग म्हणून सवलतीचा कोळसा मिळे, तेथे मात्र विभाग जाहीर होण्यास दीर्घ काळ लागला. लंडनची हवा स्वच्छ होण्याचे सर्व श्रेय कायद्यास देता येत नाही. विजेच्या व वायूच्या शेगड्या आधीच लोकप्रिय होत होत्या आणि १९६० नंतरच्या दशकात उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायू उपलब्ध झाला. कायद्याने बदलाला निश्चित दिशा व गती दिली आणि ज्यांना तो परवडत नव्हता, त्यांना मागे पडू दिले नाही, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

उंच धुराडी व अम्लवर्षा : धूर कमी झाला, तरी कोळशातील गंधकापासून होणारा सल्फर डाय-ऑक्साइड वायू तसाच राहिला. त्यावर उपाय म्हणून नव्या वीज केंद्रांना अतिशय उंच धुराडी बांधण्यात आली. सेंट रोलॉक्सची चूक राष्ट्रीय पातळीवर पुन्हा घडली. शहरातील हवेत वायूचे प्रमाण घटले. पण नॉर्वे व स्वीडन येथील सरोवरे अम्लधर्मी होऊन त्यांतील मासे नष्ट होऊ लागले. हा प्रश्न स्वीडनने १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेत मांडला. १९७९ मध्ये जिनीव्हा येथे सीमापार वायुप्रदूषणाविषयीचा करार झाला आणि १९८५ च्या हेल्सिंकी येथील पूरक करारानुसार सभासद राष्ट्रांनी १९८० च्या मानाने गंधकाचे उत्सर्जन १९९३ पर्यंत किमान ३० टक्क्यांनी घटविण्याचे मान्य केले. ब्रिटनने या पूरक करारावर सही केली नाही. याउलट वनांची हानी दिसू लागताच पश्चिम जर्मनीने १९८३ मध्ये मोठ्या भट्ट्यांसाठी कठोर मानके लावली आणि धुराड्यातील वायू धुऊन काढणारी संयंत्रे अल्पावधीत बसविण्यात आली.

मोटारगाड्या : लॉस अँजेल्स येथे १९४३ पासून जाणवू लागलेले धूरके लंडनच्या धूरक्याहून निराळे होते. ते उन्हात वाढे व त्याने डोळे चुरचुरत. हायड्रोकार्बने व नायट्रोजनाची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन निर्माण होतो आणि या द्रव्यांचा एक मुख्य उगम मोटारगाड्या हा आहे, असे आरी हागेन-स्मिट (१९००–७७) यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले. १९७० च्या शुद्ध हवा अधिनियमातील दुरुस्तीने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी नव्या मोटारींतील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बने यांत १९७५ पर्यंत ९० टक्के घट करण्याचे बंधन घातले. त्या वेळी त्यासाठी लागणारे तंत्र पूर्णपणे सिद्ध झालेले नव्हते. उत्पादकांच्या विनंतीवरून मुदती वाढविण्यात आल्या. तरीही १९७५ च्या गाड्यांपासून उत्प्रेरकी परिवर्तक बसविले जाऊ लागले. शिशामुळे उत्प्रेरक निकामी होतो, म्हणून शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध करावे लागले. मुलांच्या रक्तातील शिशाचे प्रमाण यामुळे झपाट्याने घटले. एका प्रदूषकासाठी केलेल्या नियमाचा दुसऱ्या प्रदूषकावर असा हितकारक परिणाम झाला. रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २०२१ मध्ये अल्जीरियात थांबली, तेव्हा ते जगातून हद्दपार झाले.

मोजणीचे महत्त्व येथेही दिसून येते. फोक्सवॅगन या जर्मन कंपनीच्या डीझेल गाड्यांतील संगणकीय योजना चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरते उत्सर्जन कमी करीत असे, हे २०१५ मध्ये उघड झाले. प्रयोगशाळेत मर्यादा पाळणाऱ्या गाड्या रस्त्यावर तिच्या अनेक पट नायट्रोजन ऑक्साइडे सोडीत होत्या. त्यानंतर यूरोपात प्रत्यक्ष रस्त्यावरील चाचणी नियमात समाविष्ट करण्यात आली.

आर्थिक साधने : प्रदूषणाची जी किंमत समाजाला मोजावी लागते ती कर-रूपाने प्रदूषकाकडून घ्यावी, या विचाराचा पाया आर्थर सेसिल पिगू (१८७७–१९५९) या अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्ये घातला. कॅनडातील जे. एच. डेल्झ यांनी १९६८ मध्ये प्रदूषणाच्या एकूण राशीवर मर्यादा घालून तिच्या हिश्शांची खरेदी-विक्री होऊ द्यावी, अशी कल्पना मांडली. जपानमध्ये योक्काइची येथील दम्याच्या रुग्णांच्या बाजूने १९७२ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला व १९७३ च्या कायद्यानुसार सल्फर ऑक्साइडांच्या उत्सर्जनावर आकार बसवून त्यातून रुग्णांना भरपाई देण्यात येऊ लागली. स्वीडनने १९९२ पासून मोठ्या भट्ट्यांच्या नायट्रोजन ऑक्साइडांवर आकार लावला व जमा रक्कम त्याच उद्योगांना त्यांनी निर्माण केलेल्या ऊर्जेच्या प्रमाणात परत दिली. त्यामुळे स्वच्छ केंद्राचा फायदा व मलिन केंद्राचा तोटा होतो, परंतु उद्योगाच्या एकूण खर्चात फारशी भर पडत नाही व विरोधही सौम्य होतो.

अमेरिकेने १९९० च्या दुरुस्तीने वीज केंद्रांच्या सल्फर डाय-ऑक्साइडासाठी डेल्झ यांची कल्पना स्वीकारली. वार्षिक उत्सर्जन १९८० च्या मानाने १ कोटी टनांनी कमी करण्याचे ध्येय होते. पहिला टप्पा १९९५ मध्ये सुरू झाला. प्रत्येक धुराड्यावर सतत मोजणी करणारी उपकरणे बसविणे सक्तीचे होते आणि हिश्शापेक्षा अधिक सोडलेल्या प्रत्येक टनास २,००० डॉलर दंड आपोआप लागू होई. प्रत्यक्ष खर्च अपेक्षेपेक्षा बराच कमी आला. त्याचे एक कारण बाजारपेठेची लवचिकता हे होते, तर दुसरे कारण रेल्वे वाहतूक स्वस्त झाल्याने पश्चिमेकडील कमी गंधकाचा कोळसा सहज मिळू लागला हे होय. मर्यादा एकूण राशीवर असल्यामुळे १८६३ च्या टक्केवारीतील दोष यात नव्हता. मात्र राशी घटली, तरी विशिष्ट धुराड्याशेजारी राहणाऱ्यांना त्याचा लाभ होईलच, अशी हमी या पद्धतीत नसते.

भारतातील नियंत्रण : भारतातील पहिला धूरविषयक कायदा कलकत्त्यासाठी १८६३ मध्ये, म्हणजे अल्कली अधिनियमाच्याच वर्षी झाला. त्याचा विशेष उपयोग न झाल्याने १९०५ मध्ये बंगाल धूर-उपद्रव अधिनियम करण्यात आला. त्यानुसार आयोग व निरीक्षक नेमले गेले आणि रिंगेलमान तक्त्याच्या साहाय्याने धुराड्यांवर नजर ठेवण्यात येऊ लागली. याच धर्तीवर १९१२ मध्ये मुंबई धूर-उपद्रव अधिनियम संमत झाला. गिरणगावातील कापड गिरण्यांची धुराडी व रेल्वेची एंजिने हे मुंबईतील धुराचे प्रमुख उगम होते. घरगुती चुलींना या अधिनियमातही सूट होती. १९१५ मध्ये टाटा जलविद्युत् कंपनीची खोपोली येथील वीज मुंबईस मिळू लागली व गिरण्यांतील यंत्रे चालविण्यासाठी बाष्पित्रांवर अवलंबून राहण्याचे प्रमाण क्रमाने कमी झाले. इंधनातील हा बदल निरीक्षकांच्या तक्त्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, मुंबईच्या हवेस उपकारक ठरला.

स्वातंत्र्योत्तर काळात चेंबूर–तुर्भे भागात तेलशुद्धीकरण, खते व औष्णिक वीज यांचे प्रकल्प एकवटले आणि तेथील रहिवाशांच्या तक्रारी वाढल्या. तुर्भे येथील टाटांच्या ५०० मेगॅवॉट संचास १९८८ मध्ये समुद्राच्या पाण्याने धूरवायू धुण्याचे संयंत्र जोडण्यात आले; वीज केंद्रात या पद्धतीचा वापर करण्याचे ते आरंभीचे उदाहरण होय. स्टॉकहोम परिषदेतील निर्णयांना अनुसरून संसदेने १९८१ मध्ये वायू (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम केला. उद्योगास राज्य मंडळाची संमती घेणे त्यामुळे आवश्यक झाले. आरंभी मंडळास न्यायालयात फौजदारी खटला भरण्यापलीकडे फारसे अधिकार नव्हते व खटले वर्षानुवर्षे रेंगाळत. भोपाळ दुर्घटनेनंतर (१९८४) पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ मध्ये आला आणि १९८७ च्या दुरुस्तीने मंडळांना कारखाना बंद करण्याचे, तसेच त्याची वीज व पाणी तोडण्याचे आदेश देण्याचा अधिकार मिळाला. यामुळे मंडळांच्या हाती एका टोकास नोटीस व दुसऱ्या टोकास टाळेबंदी अशी दोनच साधने राहिली. अपराधाच्या प्रमाणात वाढणारा दंड या दोहोंच्या मध्ये नव्हता. २०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने अनेक अपराधांच्या बाबतीत कारावासाऐवजी प्रशासकीय दंडाची तरतूद केली, ती या दिशेने आहे.

दिल्लीतील वाहनांविषयी १९८५ मध्ये दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये सर्व बसगाड्या संपीडित नैसर्गिक वायूवर चालविण्याचा आदेश दिला. २००१ मध्ये नेमलेल्या डॉ. रघुनाथ माशेलकर समितीचे मत असे होते, की शासनाने उत्सर्जनाची मर्यादा ठरवावी. ती कोणत्या इंधनाने वा तंत्राने गाठावयाची, हे ठरवू नये. न्यायालयाने एप्रिल २००२ मध्ये हे मत अमान्य केले व आपला आदेश कायम ठेवला. तत्त्वतः समितीची भूमिका अल्कली अधिनियमाच्या परंपरेतील होती. तथापि जेथे भेसळयुक्त इंधन व सदोष तपासणी ही नित्याची बाब आहे, तेथे मर्यादा पाळली गेली की नाही हे कळणार कसे, हा प्रश्न उरतो. वायूवर चालणारी बस व डीझेलची बस यांतील फरक मात्र कोणासही ओळखता येतो. बसगाड्यांचे रूपांतर पूर्ण झाले. परंतु नंतरच्या वर्षांत खाजगी वाहनांची संख्या वाढत गेली आणि मिळालेला लाभ बराचसा नाहीसा झाला. समितीने सुचविलेला देशव्यापी मानकांचा कार्यक्रम मात्र स्वीकारला गेला व त्याची परिणती १ एप्रिल २०२० पासून ‘भारत टप्पा ६’ ही मानके देशभर लागू होण्यात झाली. ‘टप्पा ५’ वगळून ही उडी घेण्यात आली.

औष्णिक वीज केंद्रांसाठी डिसेंबर २०१५ मध्ये सल्फर डाय-ऑक्साइड व नायट्रोजन ऑक्साइडे यांची मानके जाहीर झाली. त्यांची मुदत वारंवार वाढविण्यात आली व २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना धूरवायू धुण्याच्या संयंत्राच्या अटीतून सूट देण्यात आली. याच सुमारास सुरत येथे निराळा प्रयोग झाला. गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९ मध्ये तेथील सु. ३०० कारखान्यांच्या धुराड्यांवर सतत मोजणारी उपकरणे बसवून त्यांतील काहींसाठी कणरूप द्रव्याच्या एकूण राशीवर मर्यादा घातली व परवान्यांच्या खरेदी-विक्रीस मुभा दिली. उरलेले कारखाने जुन्याच पद्धतीखाली ठेवले. या दोन गटांच्या तुलनेत बाजारपद्धतीखालील कारखान्यांचे उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी कमी आढळले. ज्या देशात तपासणी यंत्रणा दुर्बल मानली जाते, तेथेही मोजणी विश्वसनीय असेल व दंड निश्चित असेल, तर असे धोरण राबविता येते, हे त्यावरून दिसून आले.

घरगुती चुलीचा प्रश्न भारतात सर्वांत उशिरा हाती घेतला गेला. लाकूड व शेण्या यांचा धूर प्रथम स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्या व तिच्याजवळच्या मुलांच्या फुप्फुसांत जातो व नंतर गावाच्या हवेत मिसळतो. कणरूप प्रदूषणातील त्याचा वाटा मोठा आहे. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने गरीब कुटुंबांना वायूची जोडणी देण्यात आली; पण सिलिंडर पुन्हा भरून घेण्याचा खर्च न पेलल्यामुळे अनेक घरांत चूल व शेगडी दोन्ही चालू राहिल्या. लंडनमध्ये शेगडी बदलणे हा एकवेळचा खर्च होता. भारतात तो दरमहाचा आहे.

समालोचन : वरील इतिहासावरून काही निष्कर्ष निघतात. धोरणाने साध्य ठरवावे व साधन निवडण्याचे स्वातंत्र्य द्यावे, हे सर्वसाधारणपणे खरे असले, तरी त्यासाठी मोजणी निर्विवाद असली पाहिजे. अन्यथा डोळ्यांना दिसणारे इंधनाचे वा यंत्राचे बंधनच अधिक परिणामकारक ठरते. प्रत्येक धुराड्याच्या प्रमाणाबरोबरच एकूण राशीवरही मर्यादा हवी, कारण धुराड्यांची व वाहनांची संख्या स्थिर राहत नाही. तपासणी करणारा अधिकारी ज्याची तपासणी करावयाची त्याच्या प्रभावाखाली नसावा. दंड नियम पाळण्याच्या खर्चापेक्षा मोठा व अपराधाच्या प्रमाणात असावा. प्रदूषक दूर फेकणे वा पाण्यात सोडणे याला नियंत्रण म्हणता येत नाही. शेवटचा निष्कर्ष सर्वांत दुर्लक्षित आहे. धूर करणाऱ्याजवळ दुसरा मार्ग नसेल, तर मनाई निष्फळ होते. तेराव्या-चौदाव्या शतकांतील लंडनचा चुनाभट्टीवाला व आजची चुलीपुढे बसलेली गृहिणी या दृष्टीने एकाच परिस्थितीत आहेत. १९५६ च्या अधिनियमाने ती परिस्थिती पैशाने बदलली, म्हणूनच तो यशस्वी झाला. स्वच्छ हवेचा खर्च कोणीतरी सोसतच असतो. धोरण नसेल, तर तो श्वास घेणारा सोसतो आणि त्याची नोंद कोणत्याही हिशेबवहीत होत नाही.